तबकडीचं सुतक

हंबीरराव पाटलाच्या सोप्यात पोह्यांच्या ताटल्या फिरल्या, तेव्हा अक्काताईनं आपली ताटली दोन बोटांनी मागं सारली. कोल्हापूरहून आलेले प्रोफेसर त्र्यंबकराव समजूतदारपणे हसले. जैनाची बाई आणि पोह्यांत कांदा, नको म्हणणारच, असा त्यांनी हिशेब केला. हिशेब चुकला. कांदा अक्काताई खात नव्हती हे खरं, पण ती सारत होती ती ताटली. पांढुरक्या जर्मलची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, आणि काठाला ओळीनं बुजवलेली बारीक भोकं असलेली. गावातल्या निम्म्या घरांत तसली भांडी होती आणि ती कशाची केली हे उरलेल्या निम्म्या घरांनाही ठाऊक होतं.

प्रोफेसरांनी आपली ताटली चाटूनपुसून साफ केली आणि पाटलाच्या घरच्या पोह्यांची तारीफ केली. अक्काताईनं तोंड फिरवलं.

हे गाव शिरोळच्या खालच्या अंगाला, कृष्णेच्या काठी. लढाईच्या काळात, चव्वेचाळीस सालच्या थंडीत, गुऱ्हाळं पेटलेली असताना, एका सकाळी अक्काताईच्या नवऱ्याच्या, कल्लाप्पाच्या उसात मिलिटरीचं विमान पडलं. आत पाच माणसं होती. गोरी का काळी हे जळाल्यावर कुणाला सांगता येत नाही. मिलिटरीच्या गाड्या यायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली. तेवढा वेळ गावाला मिळाला आणि गावानं तो वाया घालवला नाही.

एरवी बांधावरचा दगड हलवायला चार दिवस बैठका घेणारं गाव त्या दिवशी कसं एकदिलानं कामाला लागलं, ते बघण्यासारखं होतं. आकाराम लोहारानं ऐरणीवरचं काम बाजूला टाकून पंखाचा पत्रा कापला, त्याच्याच पुढं खिळ्यांची भोकं बुजवून ताटल्या झाल्या. विमानातल्या हवाई छत्रीचं पांढरं रेशीम दोन तुकड्यांत निघालं. एका तुकड्याच्या बायकांनी चोळ्या शिवल्या, दुसऱ्याचा हंबीररावानं फेटा बांधला, आणि तो फेटा तो अजून सणावारी बांधायचा. धोंडुबाईनं, जी आयुष्यभर दुसऱ्याच्या दारची चिंचसुद्धा उचलत नाही म्हणून सांगायची, एक बूट आणला. एकच. दुसरा का आणला नाही हे तिला विचारलं तर म्हणायची की दुसऱ्यात पाय होता.

आणि एकाच्या बोटातली अंगठी निघेना, तर बोटच गेलं.

कल्लाप्पा तेवढा त्या दिवशी उसातून हलला नाही. अंगावरचं धोतर सोडून त्यानं ते त्या माणसांवर घातलं आणि पंचा गुंडाळून, हातात काठी घेऊन कुत्री हाकलत बसला. सूर्य मावळल्यावर अन्नपाण्याला शिवायचं नाही हा त्याचा नेम, त्यामुळं भाकरी पाठवायचाही प्रश्न नव्हता. गाड्या आल्या, ताडपत्र्या पसरल्या, सगळं आवरून गेल्या. जाताना साहेबानं दुभाष्याकरवी गावाला बजावलं की इथं काही पडलं नाही, कुणी काही बघितलं नाही. गावानं माना डोलावल्या. एवढा सोयीचा हुकूम गावाला आजवर मिळाला नव्हता.

कल्लाप्पा घरी आला आणि अंघोळ करून म्हणाला की आपल्याला सुतक लागलं. अक्काताईनं विचारलं, कुणाचं. त्यानं उसाकडं हात केला. बस्तीच्या, म्हणजे जैन देवळाच्या, उपाध्यांनी समजावलं की गोत नाही, नातं नाही, असलं सुतक शास्त्रात नाही. कल्लाप्पा फार बोलणारा माणूस नव्हता. तो एवढंच म्हणाला, "त्यांच्या घरच्यास्नी आजून ठावंबी न्हाय. त्यास्नी कळूस्तवर कुनीतरी पाळाय पायजे की."

बारा दिवस घरानं बस्तीची पायरी चढली नाही. सात वर्षांच्या लेकीच्या, पद्मव्वाच्या, केसांना तेल लागलं नाही. शेजारणींनी विस्तव दिला नाही, घेतला नाही. अक्काताई तेव्हा नवऱ्यावर चिडली होती, ते खोटं कशाला सांगा.

सुतक फिटलं आणि पोलीस आले. एक अंगठी कमी होती आणि एक बोटही. सगळ्या गावानं एका तोंडानं सांगितलं की मढ्यांपाशी रात्रभर एकटा कल्लाप्पाच होता. हे खरंच होतं. आणि वर हंबीररावानं पुस्ती जोडली की साहेब, ज्याच्या मनात काही नाही तो परक्या मढ्याचं सुतक कशाला पाळंल? पाणी गाळून पिणारा, रस्त्यानं जाताना मुंगी चुकवणारा कल्लाप्पा प्रेताचं बोट तोडल्याबद्दल कळंब्याच्या तुरुंगात गेला. सुटून आला तो मुकाच. त्यानं ते बोट तोडणाऱ्याला बघितलं होतं का, हेही त्यानं कधी सांगितलं नाही. पाचेक वर्षांत विषमज्वरानं गेला. तेव्हापासून अक्काताईला एक खोड लागली. कुणीही समोर आलं की ती आधी त्याचे हात बघायची. बाजारात, बस्तीत, लग्नाच्या पंगतीत. वाढणाऱ्याचा हात पानावर आला की तिला वाटायचं, हाच असंल का, आणि घास खाली उतरायचा नाही.

गावानं चोरी कल्लाप्पाच्या नावावर टाकली खरी, पण शेजारच्या गावांना हिशेब कळत होता. जत्रेत, कुस्तीच्या फडात, सोयरिकीच्या बैठकीत, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारं गाव म्हणून खवचट बोलणं यायचं. दहा वर्षं गावानं ते खाली मान घालून ऐकलं. आणि मग पेपरांत उडत्या तबकड्या आल्या.

हंबीरराव आता सरपंच झाला होता. न्हाव्यापुढं दाढीला बसल्या बसल्या त्यानं वाचून घेतलं की आभाळातून तबकड्या उतरतात, त्या कुठल्या मुलखाच्या ते कळत नाही, लढाईत म्हणे काही ठिकाणी पडल्या आणि मिलिटरीनं ताडपत्रीत गुंडाळून गुपचूप पळवल्या. अर्धी दाढी तशीच ठेवून तो उठला, असं न्हावी सांगायचा. ताडपत्री आपल्या गावात आली होतीच. गुपचूपही होतंच. राहता राहिली तबकडी. महिन्याभरात आख्ख्या गावाला आठवलं की ते विमान नव्हतंच. गोल होतं. गुळाच्या काहिलीसारखं, पण वीस काहिली मावतील एवढं. निळा उजेड होता. आत माणूस म्हणावं असं काही नव्हतं. धोंडुबाईला तर आवाजही आठवला, मधमाश्यांसारखा, आणि तिचा बूट बोलताबोलता कुठं नाहीसा झाला ते तिचं तिलाच कळलं नाही.

त्र्यंबकराव कोल्हापूरच्या एका कॉलेजात शिकवायचे. परदेशी मासिकं मागवून तबकड्यांवर वाचायचे, व्याख्यानं द्यायचे. आपल्याच जिल्ह्यात, एसटीच्या रस्त्यावर, तबकडी पडलेली सापडल्यावर त्यांचं वय दहा वर्षांनी उतरलं. ते चांगले गृहस्थ होते. कुणी सांगितलेलं त्यांना खोटं वाटत नसे, फक्त आपल्याला हवं तेच सांगितलेलं असलं पाहिजे. त्यांना एकच उणीव भासत होती. ज्या शेतात तबकडी पडली त्या शेताच्या मालकिणीची साक्ष. म्हणून तर आज अक्काताईला सोप्यात बोलावलं होतं.

ती साक्ष न देताच उठली. प्रोफेसरांची मोटार गेल्यावर हंबीरराव तिच्यामागोमाग तिच्या दारापर्यंत आला आणि जोत्यावर बसला. फेटा काढून मांडीवर ठेवला. तोच, रेशमाचा.

"अक्काताई, तुझ्या कामाचं सांगतो. तबकडी म्हटली की मान्सं न्हाईत. मान्सं न्हाईत म्हंजे मढं न्हाय, बोट न्हाय, अंगठी न्हाय. मग कल्लाप्पानं चोरलं काय? काय बी न्हाय. बिचाऱ्याला मिलिटरीनं तोंड उघडू ने म्हून आत घातलं. समदं धुऊन निगतंय."

"तुमचं बी."

"माजं कशाला, गावाचं म्हन. पन तुज्या पोरीचं आधी."

हे शेवटचं त्यानं बरोबर जागी ठेवलं. नांदणीचा अण्णाप्पा पद्मव्वाला सून करून घ्यायला तयार होता. मुलाला मुलगी पसंत होती. अडलं होतं ते एका वाक्यावर. भावकीत कुणी विचारलं, मुलीचा बाप तुरुंगात का गेलता, तर काय सांगायचं? अण्णाप्पा वाईट माणूस नव्हता. भावकीला भिणारा होता, आणि भावकीतला प्रत्येक जण त्याच्यासारखाच भावकीला भिणारा होता, त्यामुळं भिववणारा शेवटी कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं स्वच्छ कळवलं होतं की डाग कशानंही पुसा, पण पुसा. पद्मव्वाला सतरावं सरत आलं होतं. याआधीची तीन स्थळं त्याच वाक्यावर फिरली होती.

हंबीरराव गेल्यावर अक्काताईनं जोत्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पद्मव्वा दारात उभी राहून बघत होती. ऐकलंस का, असं आईनं विचारलं. ऐकलं, असं ती म्हणाली आणि चुलीपुढं जाऊन बसली. त्यापुढं तिनं काही म्हटलं नाही, आणि अक्काताईला तेच जड गेलं. पोरगी रडली असती तर ठरवणं सोपं होतं.

चार दिवस तिनं मनात दोन्ही बाजू मांडल्या. नवऱ्याचं नाव धुऊन निघत होतं, पोरीचं लग्न होत होतं, गावाशी दहा वर्षांची तेढ सुटत होती. या सगळ्याबदली द्यायचं काय, तर पाच माणसं. ओळख ना पाळख, तोंडसुद्धा न बघितलेली. फायद्याचाच सौदा होता. फक्त ती पाच माणसं गेली की त्यांच्याजवळ काठी घेऊन बसलेला कल्लाप्पा पण जात होता. मग उसात राहायचा एक वेडा, रिकाम्या जागेवर धोतर पांघरून कुत्री हाकलणारा.

व्याख्यान कोल्हापुरात होतं, एका वाचनालयाच्या दिवाणखान्यात. गाव लवाजम्यानिशी निघालं. जयसिंगपुरात आगगाडीत बसलं, कोल्हापुरात उतरलं, अंबाबाईला जाऊन आलं. अक्काताई कशाला तयार झाली हे तिला नीट सांगता आलं नसतं. तोंड उघडल्यावर काय निघंल ते बघू, असं काहीसं मनात होतं. दिवाणखाना भरला होता. वकील होते, मास्तर होते, त्यांच्या बायका पातळं नेसून पुढच्या रांगेत होत्या. मागच्या भिंतीला अण्णाप्पा टोपी हातात घेऊन उभा होता. त्याला हंबीररावानं मुद्दाम बोलावलं होतं.

त्र्यंबकरावांनी फळ्यावर तबकडी काढली. फार सुरेख काढली, वर घुमट, खाली तीन पाय. लढाईत सरकारांनी काय काय दडवलं ते सांगितलं. मग टेबलावरच्या मखमलीवरून रुमाल बाजूला केला आणि तबकडीचा तुकडा म्हणून लोकांना दाखवला. लोक माना उंच करून बघू लागले. एक बाई पुढं झाली, तिनं त्याला बोट लावलं आणि नमस्कार केला.

अक्काताईनं तुकडा ओळखला. हंबीररावाच्या घरच्या ताटलीचा काठ होता तो, ठोकून सरळ केलेला. एका भोकात पिवळं काहीतरी वाळून बसलं होतं. पोह्यांची हळद.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पदर नीट केला आणि टेबलापाशी न जाता जागेवरूनच बोलली.

"तबकडी न्हवती ती. इमान हुतं. आत पाच मान्सं हुती, तुमच्या-आमच्यासारकी. गावानं त्यांच्या अंगावरचं लुटलं, आनि ह्यो तुकडा त्याच इमानाच्या पत्र्याच्या ताटलीचा हाय. आमच्या मालकांनी बोट तोडलं न्हाय. त्यांनी त्या मान्सांचं बारा दिस सुतक पाळलं, आमी बी पाळलं. तबकडीचं कुनी सुतक पाळतंय व्हय?"

हंबीरराव खुर्चीत चुळबुळला. अक्काताईला वाटलं, झालं, आता काय व्हायचं ते होऊ दे. पण त्र्यंबकरावांचा चेहरा उजळत चालला होता.

"सभ्य स्त्रीपुरुषहो," ते हळव्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? दहा वर्षं लोटली, ते सैन्य देश सोडून गेलं, पण या माउलीच्या मनातून त्यांची दहशत गेली नाही. पढवलेलं शब्दन् शब्द ती अजून म्हणते आहे. याहून मोठा पुरावा मी आपल्यापुढं काय ठेवू?"

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावला. व्याख्यान संपल्यावर त्यांतली एक अक्काताईजवळ आली, पाठीवरून हात फिरवून म्हणाली की घाबरू नका हो, आता आपलं राज्य आहे. अक्काताईनं तिचे हात बघितले. गोरे, मऊ, स्वच्छ हात होते. या हातांनी कधी काही तोडलं नसेल, पण तरी तिला तो स्पर्श नकोसा झाला.

परतीच्या गाडीत गाव खुशीत होतं. हंबीररावानं समोरच्या बाकावरून तिच्याकडं बघून मिशीत हसून घेतलं. "तू काय बी बोल अक्काताई, आता समदं आमच्याच बाजूला पडतंय. उगं जिवाला तरास करून घिऊ नगंस." हे मात्र तो खरं बोलला. तिनं खिडकीबाहेर तोंड काढलं ते जयसिंगपूर येईपर्यंत आत घेतलं नाही.

आठवडाभरात शेतात माणसं येऊ लागली. सायकलीवरून, बैलगाडीतून. उसात शिरून जागा बघायची, भेळ खायची, कागद तिथंच टाकायची. कुणी एकानं माती पुडीत बांधून नेली. अक्काताई रोज संध्याकाळी ते कागद वेचायची.

आणि मग अण्णाप्पा आला. नवी टोपी, खांद्यावर उपरणं, बरोबर हंबीरराव. डाग पुसला होता. कोल्हापूरच्या पेपरांत छापून आलं होतं की परकीय सैन्यानं एका निरपराध शेतकऱ्याला तोंड बंद ठेवण्यासाठी तुरुंगात टाकलं. भावकीला तो पेपर वाचून दाखवला होता आणि भावकीनं मान डोलावली होती. सोयरीक करायला आता कसलीच आडकाठी नव्हती. त्या दिवशी दिवाणखान्यात अक्काताई काय बोलली ते अण्णाप्पानं काढलंच नाही. उलट भल्या मनानं म्हणाला, "भ्यालेलं मानूस काय बी बोलतंय. आमी मनावर घेटलं न्हाय."

अक्काताईनं पाणी आणलं. पितळेचे दोन पेले भरून जोत्यावर ठेवले. गप्प राहायचं, असं तिनं मनाशी ठरवत आणलं होतं. बोलून बघितलं होतं, बोलण्याचंही त्यांनी सोनं करून घेतलं. गप्प राहण्याला निदान कुणी टाळ्या वाजवणार नव्हतं. पोरगी चांगल्या घरी पडंल. कल्लाप्पाला काय फरक पडतोय आता. ती "बसा" म्हणायला तोंड उघडणार, तोच आतून पद्मव्वाचा आवाज आला. मोठा नाही, पण जोत्यापर्यंत नीट पोचला.

"अव्वा, पावण्यास्नी पानी देऊ नगंस. आमच्यात सुतक हाय म्हून सांग."

अण्णाप्पाचा पेल्याकडं गेलेला हात तिथंच थांबला. सुतकाच्या घरी पाणी घ्यायचं नाही, सोयरिकीचा शब्द काढायचा नाही, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. तो अवघडून उठला. कुणी गेलं, हे कळलंच नाही, असं पुटपुटला आणि अक्काताईकडं बघून त्यानं विचारलं, "कुनाचं सुतक?"

अक्काताईनं वळून दाराकडं बघितलं. पद्मव्वा उंबऱ्यात आली होती. केस मोकळे, तेल न लावलेले. सकाळीच न्हालेली दिसत होती, आणि आईच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"पाच जनांचं," अक्काताई म्हणाली.

हंबीरराव हसला. एवढ्या वर्षांचं सुतक कसलं, फिटून जमाना झाला, असं म्हणाला. अण्णाप्पा हसला नाही. त्यानं पोरीच्या केसांकडं बघितलं, मग खाली, उसाच्या दिशेनं. "फिटनार कवा?" त्यानं हळूच विचारलं.

"आमी आमच्या वाटनीचं पाळलं. गावाचं ऱ्हायलंय. गाव पाळंल तवा फिटंल."

दोघं जोत्यावरून उतरले. पेले भरलेले तसेच राहिले. सोयरीक तिथंच थांबली. नांदणीहून पुढं काही निरोप आला नाही, आणि त्या वर्षी पद्मव्वाचं लग्न झालं नाही.

एक गोष्ट मात्र धोंडुबाईनं दुसऱ्या दिवशी विहिरीवर नाक मुरडत सांगितली. हंबीररावानं पाहुण्याला वाटेतच आपल्या घरी बसवून चहा पुढं केला, तर त्यानं बशी उचलली, उलटी केली, काठावरच्या बुजवलेल्या भोकांवरून एकदा बोट फिरवलं आणि चहा न घेता ती तशीच खाली ठेवून निघून गेला.

अक्काताईनं घागर डोक्यावर घेतली. घरी येऊन तिनं पोरीला पुढ्यात बसवलं आणि तिचे केस विंचरू लागली. तेलाची वाटी जवळच होती. तिला दोघींतल्या कुणीच हात लावला नाही.